तुटायच्या आधी बोल्ट हलका लागतो

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गाडीची निगा घरच्या घरी कशी राखावी, या मजकुरात जाम झालेला बोल्ट काढायच्या पाच युक्त्या छापून आल्या आहेत. चार ठीक आहेत, निदान निरुपद्रवी आहेत. तिसरी मात्र अशी : पान्याला तीन फुटी लोखंडी पाइप अडकवा, अंगाचा सगळा भार टाकून ओढा, बोल्ट सुटलाच म्हणून समजा. या तिसऱ्या युक्तीसाठी हे पत्र लिहितो आहे. लांबेल, पण काटछाट करायचीच झाली तर माझ्या फजितीचा भाग कापू नये, बाकी काहीही कापावे.

मी शासकीय आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा शिल्पनिदेशक होतो, एकतीस वर्षं. रत्नागिरीत राहतो. घर समुद्रापासून इतकं जवळ की पश्चिमेकडच्या खिडक्यांचे गज दर दोन वर्षांनी रंगवले नाहीत तर पापुद्रे हातात येतात. दारात १९९१ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली, पांढरी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. मुंबईत काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सींना वीस वर्षांची मुदत होती आणि त्यातली शेवटची ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली, तेव्हा लोकांनी तिच्यासोबत फोटो काढून घेतले. आमची खाजगी असल्यामुळे दर पाच वर्षांनी आरटीओत तपासून घेतली की चालते. यंदा ती मुदत आली. मागून खडखडाट होत होता, वळणावर शेपूट हलल्यासारखं वाटत होतं. खाली शिरून पाहिलं तर मागच्या डाव्या पाट्याच्या पुढच्या डोळ्यातला रबरी बुश संपलेला.

ज्यांनी जुन्या गाडीचं पोट पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पद्मिनीला मागे स्प्रिंगचे पाटे आहेत, ट्रकला असतात तसेच, फक्त लहान. पाट्याच्या पुढच्या टोकाला गोल डोळा असतो, त्यात रबरी बुश दाबून बसवलेला, बुशच्या पोटात एक लोखंडी नळी. बॉडीला दोन कानांचा ब्रॅकेट असतो. डोळा त्या दोन कानांच्या मध्ये येतो आणि आरपार एक बोल्ट जातो. बुश बदलायचा म्हणजे तो बोल्ट काढायचा. कागदावर अर्ध्या तासाचं काम.

तो बोल्ट जाम होतो कुठे, हे नीट समजून घेतलं पाहिजे. आट्यांवर नंतर, आधी त्या नळीत. नळी आणि बोल्ट यांच्यामध्ये केसाएवढी फट असते. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात खारा वारा, त्यात चिऱ्याच्या रस्त्यांचा लाल चिखल. ते पाणी फटीत शिरतं आणि उन्हाळ्यातसुद्धा पुरतं सुकत नाही. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो. फटीत जागा नसते. मग गंज दोन्ही बाजूंनी दाबत राहतो आणि बोल्ट व नळी एकजीव होतात. पाना लावून फिरवलं की बोल्ट नळीसकट वळतो, भोवतीचं रबर पिळतं, हात सैल केला की रबर सगळं मागे आणून ठेवतं. नवख्याला वाटतं, पाव फेरा आला. आलेला काही नसतो.

माझ्या गाडीत आणखी एक भानगड होती. १९९८ साली हा ब्रॅकेट सडला होता. एका गॅरेजात पत्रा कापून नवा ब्रॅकेट बसवून घेतला, तेव्हा आतल्या कानामागचा नट हाताला येत नाही म्हणून त्या कारागिराने तो कानालाच वेल्ड करून टाकला. सोयीचं होतं, मी कौतुकच केलं होतं. म्हणजे आता बोल्ट नळीत जाम आणि पलीकडे वेल्ड केलेल्या नटाच्या आट्यांतही जाम. सुरा सुटेना आणि म्यानही निघेना.

तीन दिवस मी शहाण्यासारखं वागलो. पहिल्या दिवशी तारेच्या ब्रशने बोल्टचं डोकं आणि आतल्या बाजूला नटाबाहेर डोकावणारे दोन आटे स्वच्छ केले. डोक्यावर ८.८ असा शिक्का दिसला. मग तेल. पूर्वी आम्ही रॉकेल आणि इंजिन ऑइल समसमान करून वापरायचो. रॉकेल आता रेशनवर दिसत नाही, म्हणून डिझेल. पुरवणीत निळ्या-पिवळ्या डब्याची शिफारस आहे, तोही फवारला. पण हे सांगायला हवं की त्या डब्ल्यूडी-४० चं नावच मुळी पाणी हटवायच्या चाळिसाव्या प्रयोगावरून पडलं आहे. १९५३ साली अमेरिकेत ते द्रव्य गंज लागू नये म्हणून बनवलं. लागलेल्या गंजात शिरणारी तेलं वेगळी मिळतात. पाचव्या युक्तीतला कोला मी वापरला नाही. त्यावर शेजारच्या वहिनींनी कोकमाचं आगळ सुचवलं, आंबट ते आंबट. आगळात मीठ असतं हो! समुद्रानं तीस वर्षांत केलं ते काम आठवड्यात झालं असतं.

रोज सकाळ-संध्याकाळ डिझेलचे थेंब आणि डोक्यावर हलके ठोके. ठोके जोरात नकोत, भरपूर हवेत. एक किलोच्या हातोड्याने पंधरा-वीस. त्याने गंजाला बारीक तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. मुलांना मी सांगायचो, दारावर टकटक करताय, दार फोडत नाही आहात.

चौथा दिवस रविवार. शेजारचा पोरगा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आपली पुरवणी घेऊन आला. "सर, हे बघा, पाइप लावायचा. आमच्या बोअरवेलचा तुकडा पडलाय." मी नको म्हणालो. मग म्हणालो, आण. का म्हणालो ते आजही सांगता येत नाही. आत कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, दुपारी पाहुणे यायचे होते आणि गाडी तीन दिवस घोड्यांवर, म्हणजे लोखंडी तिवयांवर, उचललेली होती. एकतीस बॅचना जे करू नका म्हणून सांगितलं ते करायला एवढी कारणं पुरली.

सतरा मिलिमीटरचा रिंग पाना, त्यावर पाइप. मी उताणा, दोन्ही हात पाइपवर, एक पाय चाकाच्या कमानीला टेकवलेला. ओढलं. आधी काहीच नाही. मग पाइप हळूच यायला लागला. पोरगा वरून ओरडला, "सुटला, सर, सुटला!" आणि मलाही एक क्षण तसंच वाटलं.

हा क्षण मला वाचकांना दाखवायचा आहे, कारण पुरवणीत तो नाही. जाम बोल्ट खरोखर सुटतो तेव्हा 'टक्' असा कोरडा आवाज येतो, हाताला झटका बसतो आणि त्यानंतर तो कुरकुरत, अडत फिरतो. तुटणारा बोल्ट आवाज करत नाही. तो मऊ होतो. थंड लोण्यात सुरी जावी तसा पाना पुढे सरकत जातो, एकसारखा, गोड. त्या वेळी धातू पीळ घेत असतो. ८.८ मधल्या पहिल्या आठचा अर्थ, चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ताण आला की हा बोल्ट तुटेल. टिंबानंतरच्या आठचा अर्थ, त्याच्या ८० टक्क्यांवरच तो कायमचा वाकायला-ताणायला लागेल. ८० ते १०० टक्क्यांच्या मधली जी गल्ली आहे ती हाताला मऊ लागते. तिथे थांबणारा फिटर खरा. मी थांबलो नाही. अर्ध्या सेकंदाने पाना, पाइप आणि बोल्टचं डोकं माझ्या छातीवर होतं.

पाइपचं गणित अगदी साधं आहे, पुरवणी लिहिणाऱ्याने करून पाहिलं असतं तर बरं झालं असतं. माझं वजन ७२ किलो. उताणं पडून त्यातलं अर्धंच ओढण्यात आलं असं धरू, ३६ किलो, म्हणजे साधारण ३५० न्यूटन. तीन फूट म्हणजे ०.९ मीटर. गुणाकार ३१५ न्यूटन-मीटर. १२ मिलिमीटरच्या ८.८ बोल्टला आवळताना जो जोर द्यायचा असतो तो ८० ते ९०. साडेतीनपट झाला! नव्या कोऱ्या बोल्टनेही मान टाकली असती, हा तर तीस पावसाळे खाल्लेला. पाना बनवणारे लोक वेडे नसतात. सतराच्या पान्याची लांबी एवढीच का ठेवली, याचं उत्तर या गुणाकारात आहे. पाइप लावला की ती मर्यादा आपण काढून टाकतो.

डोकं गेल्यावर सौभाग्यवती दारात आल्या, त्यांनी माझ्या छातीवरचा ऐवज पाहिला आणि विचारलं, "अहो, जेवायला येताय की ताट गाडीखाली सरकवू?"

आता दुरुस्ती. सोमवारी सकाळी दोन जणांनी दोन सल्ले दिले. एका गॅरेजवाल्याने गॅस कटर घेऊन यायची तयारी दाखवली, दहा मिनिटांत बोल्ट, बुश सगळं कापून देतो म्हणाला. देतोही तो. पण ज्योतीपासून हातभर अंतरावर ब्रेकचा पाइप, पेट्रोलची लाइन, मागे टाकी, आणि मध्ये तीन दिवस डिझेल पाजलेलं रबर. नको म्हटलं. गॅसने तापवणं ही वाईट पद्धत नाही. नट लालसर झाला की प्रसरण पावतो आणि गंजाची पकड सुटते, हे मी स्वतः शिकवलं आहे. पण ते टेबलावर, वाइसच्या पकडीत. गाडीच्या पोटाखाली, टाकीशेजारी, बादलीभर वाळूही जवळ न ठेवता हे करणारी मंडळी मी पाहिली आहेत आणि त्यांतल्या एकाच्या भुवया परत पूर्ण आल्या नाहीत.

दुसरा सल्ला शेजारच्या पोराचा, मोबाइलवर पाहून : तुटक्या बोल्टला मधोमध भोक पाडायचं आणि त्यात उलट्या आट्यांचा इझी-आउट ठोकून फिरवायचा. इझी-आउटबद्दल माझं मत नोंदवून ठेवा. ते हत्यार उत्तम आहे, पण जो बोल्ट जाम न होता नुसता तुटला आहे त्याच्यासाठी. जो बोल्ट पूर्ण जाडीच्या डोक्याने निघाला नाही, तो त्याच्या पोटातल्या भोकात घातलेल्या बारक्या खिळीने का निघेल? आणि ती खिळी कडक केलेल्या पोलादाची असते, वाकत नाही, काचेसारखी मोडते. आत मोडली की साधा ड्रिल तिच्यावर नुसता घसरतो. मग लेथवाल्याकडे गाडी न्यायची की लेथ गाडीकडे आणायचा, एवढाच प्रश्न उरतो.

मी हेक्सॉचं, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचं, पातं घेतलं. फ्रेम नाही, नुसतं पातं, इंचाला २४ दात, एका टोकाला सुती चिंधी गुंडाळून. बुशची नळी आणि ब्रॅकेटचा आतला कान यांच्यामध्ये पातं जेमतेम जाईल एवढी जागा, म्हणजे नळीच्या कडेसकट बोल्ट कापायचा. बुश तसाही टाकायचाच होता. त्याआधी ॲक्सलखाली जॅक देऊन पाट्यावरचा भार काढला आणि बॉडी दोन घोड्यांवर नीट बसल्याची हलवून खात्री केली. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली शिरणाऱ्याला मी वर्गाबाहेर काढत असे, वयाचा विचार न करता.

कापायला एक तास चाळीस मिनिटं लागली, तीन पाती गेली. फिटर ट्रेडला पहिले कित्येक आठवडे मुलं कानस आणि हेक्सॉ याशिवाय काही करत नाहीत. पालक येऊन तक्रार करायचे, पोराला मशीनवर कधी घालणार? त्यांना आज बोलवायला हवं होतं. उताण्या माणसाला पातं पुढे ढकलताना जोर आणि मागे घेताना सैल, ही लय हातात मुरलेली नसेल तर पातं दहा मिनिटांत मोडतं. डोळ्यांवर चष्मा होता, तरी डिझेलमिश्रित लोखंडाचा कीस मिशीत गेला. शेवटचा धागा तुटला तसा पाट्याचा डोळा वीतभर खाली उसळला. ॲक्सलखाली जॅक असूनही उसळला, तेव्हा नसता तर काय झालं असतं हे वाचकांनी ताडावं.

राहिला वेल्ड केलेल्या नटातला तुकडा. कानाच्या पातळीला सपाट कापलेला, धरायला काही नाही. इथे मला माझा एक जुना विद्यार्थी आठवला, आता त्याचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, गेट आणि ग्रिल करतो. फोन केला. पोर्टेबल वेल्डिंग मशीन स्कूटरवर टाकून संध्याकाळी आला. खाली वाकून पाहिलं आणि उभा राहिला. "सर, डोकं कोणी तोडलं?" मी सांगितलं. तो काही बोलला नाही. फार चांगला मुलगा आहे.

त्याने केलं ते असं. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. ब्रेकचा पाइप सोडवून बाजूला बांधला, पेट्रोलच्या लाइनवर आणि टाकीच्या बाजूला ओलं गोणपाट लावलं, पोराला पाण्याची बादली आणि वाळू घेऊन उभं केलं. डिझेल चिंध्यांनी पुसून काढलं. वेल्डिंगची अर्थची वायर ब्रॅकेटलाच, कामापासून चार बोटांवर लावली. लोक ती कुठेतरी बंपरला लावतात, मग करंट बेअरिंगमधून जातो आणि दोन महिन्यांनी चाक घरघरायला लागतं. सपाट तुकड्यावर एक वॉशर ठेवून त्याच्या भोकातून तुकड्याला वेल्ड केलं. वॉशरवर नट ठेवला आणि नटाचं पोट वेल्डने भरून टाकलं. वॉशर आणि नट दोन्ही मुलामा नसलेले काळे घेतले होते. जस्ताचा मुलामा जळला की त्याच्या धुराने रात्री ताप भरतो.

पहिला नट निघून आला. वेल्ड तुकड्याला धरलंच नव्हतं, भेगेत तेल उरलं असावं. घासून पुन्हा केलं. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "आता हात लावायचा नाही, सर." आम्ही दोघं पायरीवर बसून चहा प्यायलो. वेल्डिंगचा खरा फायदा नट चिकटवण्यात जितका आहे तितकाच या चहात आहे. वेल्डची उष्णता थेट बोल्टच्या पोटात गेलेली असते. तो फुगून गंजाला चेंगरतो आणि निवताना आकसतो, तेव्हा गंज जागा सोडतो. लाल असताना फिरवलं तर मऊ पोलाद पिळून तुटतं. लाली पूर्ण गेली, पण हाताला अजून चटका बसेल इतका गरम असताना त्याने मेणबत्ती आट्यांच्या कडेला टेकवली. मेण वितळून आत ओढलं गेलं, बघता बघता नाहीसं झालं.

मग त्याने पाना माझ्या हातात दिला. माझ्याच हातात का, ते मी विचारलं नाही. साधा रिंग पाना, पाइप नाही. आधी आवळायच्या दिशेने किंचित. मग सोडायच्या दिशेने. 'टक्'. हा खरा आवाज. आठव्या हिश्शाइतका फिरला आणि अडला. पुन्हा मागे, पुन्हा पुढे, मध्ये एक थेंब तेल. अडला की ओढायचं नाही, परतायचं, कारण आट्यांत साठलेला गंजाचा चुरा मागे झाडला जावा लागतो. वीस मिनिटं हे चाललं. शेवटचे तीन आटे बोटांनी निघाले आणि तुकडा तळहातावर पडला, अजून कोमट.

मी तो पुसला. आटे शाबूत होते. मग पाट्यातला बुश ठोकून काढला, त्यातली नळी उभी चिरली आणि बोल्टचा मधला भाग बाहेर काढला. त्याच्यावर चॉकलेटी पापुद्रे, खाली खड्डे, आणि ग्रीसचा मागमूस नाही. ग्रीस वाळलं तरी काळी पुटं राहतात, कोपऱ्यात कुठेतरी राहतात. एकही नव्हतं. हा बोल्ट कोरडा बसवला होता.

१९९८ साली त्या गॅरेजवाल्याने ब्रॅकेट आणि नट तेवढा वेल्ड करून दिला होता. पाटा आणि बोल्ट मी घरी बसवला, पैसे वाचवायला आणि थोडा हौसेने. तारीख आठवत नाही पण मृग लागायला आला होता, आभाळ भरलं होतं आणि ग्रीसचा डबा माडीवर होता. वर जायचा कंटाळा केला. म्हणजे रविवारी जो बोल्ट तुटला तो तोडायला मी १९९८ सालीच सुरुवात केली होती, आपल्या पुरवणीचा दोष फार तर शेवटच्या अर्ध्या सेकंदाचा. विद्यार्थी समोर उभा होता. त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "सर, तुम्ही आमचे मार्क कापायचात यासाठी." पाच मार्क कापायचो, बरोबर आहे.

तेव्हा आपल्या पुरवणीत जाम बोल्ट कसा काढावा याला जेवढी जागा मिळाली त्याच्या अर्धी तरी बोल्ट कसा बसवावा याला द्यावी, अशी विनंती. मी काय केलं ते लिहितो. नटाच्या आट्यांतून १२ × १.२५ चा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, हाताने फिरवून चुरा काढला. पद्मिनी मूळची इटालियन, तिचे आटे मिलिमीटरचे. ॲम्बॅसिडर मूळची इंग्रज, तिचे इंचाचे. एकीचा टॅप दुसरीला चालवणारे महाभाग आहेत. नवा ८.८ चा बोल्ट. बुशची जोडी काही वर्षांपूर्वी कुर्ल्याला सीएसटी रोडवरून आणून ठेवली होती. बोल्टच्या अख्ख्या दांड्याला आणि आट्यांना तांब्याचं ग्रीस. त्यात तांब्याची पूड असते, ग्रीसचा भाग सुकून गेला तरी पूड दोन लोखंडांना एकमेकांना चिकटू देत नाही. ग्रीस लावलं की आवळण्याचा जोर थोडा कमी करावा लागतो. कोरड्या बोल्टचा बराचसा जोर घासण्यातच खर्च होतो, ग्रीस असलं की त्यातला जास्त हिस्सा बोल्ट ताणायला लागतो. मी ७० न्यूटन-मीटरवर थांबलो.

आणि हा शेवटचा पिळा गाडी जमिनीवर, स्वतःच्या चाकांवर उतरवल्यानंतर द्यायचा. हे चांगल्या चांगल्या गॅरेजांत होत नाही. गाडी हवेत असताना पाटा खाली लोंबत असतो. तेव्हाच बोल्ट आवळला तर रबर त्या स्थितीत धरलं जातं, आणि गाडी खाली आल्यावर आयुष्यभर पिळलेलं राहतं. सहा महिन्यांत फाटतं. मग गिऱ्हाईक म्हणतं, आजकाल बुश चांगले येत नाहीत.

आणखी एक जाता जाता. हल्ली गॅरेजांत हवेच्या गनने बोल्ट आवळतात. कर्रर्र आवाज झाला की काम झालं. किती जोर गेला हे ना त्या मुलाला माहीत ना मालकाला. जोर मोजून आवळायचा टॉर्कचा पाना भिंतीवर दिसतो, त्याच्यावर बहुतेक ठिकाणी डबे अडकवलेले असतात. कामाच्या पावतीवर ऑइल किती घातलं ते लिहितात, तसं सस्पेन्शनचे कोणते बोल्ट उघडले आणि ग्रीस लावून बसवले का, ही एक ओळ गिऱ्हाइकाने मागून घ्यावी. मी बोल्ट बसवल्याची तारीख ब्रॅकेटवर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहून ठेवली आहे.

सोबत बोल्टच्या तिन्ही तुकड्यांचा फोटो पाठवत आहे. डोक्याजवळचा तुटलेला भाग नीट पाहावा, त्याच्यावर पिळाच्या रेषा स्पष्ट दिसतात, जिलबीसारख्या. युक्ती क्रमांक तीन मागे घेतल्याची दोन ओळींची सूचना पुढच्या रविवारी त्याच पानावर छापावी. इतरत्र छापली तर ती वाचून पाइप खाली ठेवायला हवा तो माणूस ती वाचणार नाही.

आपला जुना वाचक,
एक निवृत्त शिल्पनिदेशक (फिटर), रत्नागिरी

ता. क. : उजव्या पाट्याचा बोल्ट अजून निघायचा आहे. त्याच वर्षीचा, त्याच हाताने बसवलेला. मंगळवारपासून रोज सकाळी चहाच्या आधी चार थेंब डिझेल आणि वीस ठोके चालू आहेत. पाइप शेजाऱ्यांना परत केला.